‘गिव्ह अप’ ऐकतोय. कोल्हापूर–बंगळूर असं गाणं जुळवायचं कसं?

संध्यामठ :

नमस्कार. प्रश्न गाण्याचा आहे. थोडा लांब होईल, पण पूर्ण वाचा.

मी कोल्हापूरची, घर उद्यमनगरला लागून. मुलगी आहे, पण आमच्याकडं पोरीसुद्धा ‘येतो, जातो, करतो’ असंच बोलतात, म्हणून इथंही तसंच लिहितो. हे उगाच सांगत नाही, पुढं त्याचाच एक प्रश्न आहे.

कॉलेजात असताना मी आणि माझा एक मित्र मिळून गाणी करायचो. तो लॅपटॉपवर सिंथ (म्हणजे सिंथेसायझरचे सूर), बेस, ड्रम मशीन असं सगळं रचतो, मी शब्द लिहितो आणि गातो. दर रविवारी त्याच्या खोलीवरच्या गच्चीत, पत्र्याच्या शेडखाली बसायचो. एखादी जागा जमली की तो हात वर करायचा, मी थांबायचो, पुन्हा तिथूनच सुरू. तीन गाणी पूर्ण झाली. मग त्याला बंगळूरला नोकरी लागली. गेले सात महिने तो फायली पाठवतोय. मी हेडफोन लावून ऐकतो, आवडतात, आणि त्यावर माझी एक ओळ धड बसत नाही. सगळी जागा त्याच्या आवाजांनी आधीच भरलेली असते. मी शिरायचं कुठून? परवा फोनवर यावरून भांडणच झालं.

भांडण मिटल्यावर त्यानं ‘द पोस्टल सर्व्हिस’ या अमेरिकन बँडचा ‘गिव्ह अप’ पाठवला, २००३ सालचा. म्हणाला, हेही दोघं दोन गावांतच होते, ऐक. आठ दिवस झाले, मी दुसरं काही ऐकलेलं नाही. आमच्या मागच्या वर्कशॉपात दिवसभर पॉवर प्रेस चालू असतो. संध्याकाळी साडेसातला तो बंद पडला की मी अल्बम लावतो. पहिल्या गाण्यात आधी नुसते ऑर्गनसारखे लांब सूर, मग हळूच ठेका, आणि तो माणूस गातोय असं वाटतच नाही. जिन्यात बसून कुणाला तरी खरं खरं सांगतोय असं वाटतं. शेवटाकडं ठेका एकदम अंगात येतो. त्या जागेला मला दर वेळी भरून येतं.

हे दोघं खरंच टपालानं गाणी करायचे का? आणि तसं असेल तर दोघांमधला सांधा कुठंच कसा दिसत नाही? दुसरं, मराठी अशा मशीनच्या ठेक्यावर बसते का? इंग्रजी शब्द कुठंही ओढता येतात, आपले ओढले की हसं होतं असं मला वाटतं. माझ्या ओळी अशा आहेत, रंकाळा स्टँडवर सुचलेल्या :

शेवटची बस निघून गेली
मी थांबलो

मित्र मूळचा विदर्भातला. तो म्हणतो ‘थांबले’ कर, नाहीतर बाहेरच्यांना वाटेल पोरगी मुलाच्या तोंडचं गातेय. मला ‘थांबले’ म्हणताना दुसऱ्या कुणाचा तरी ड्रेस घातल्यासारखं होतं. काय करू?

काळी दोन :

पोरी, वयानं मोठा आहे, ‘तू’ म्हणतो. सव्वीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय. लग्नं, गणपतीचे कार्यक्रम, गावोगावच्या यात्रा. आणि वडील पोस्टमन होते, मंगळवार पेठेत. त्यामुळं हा अल्बम मला दोन्ही अंगांनी लागतो. पुतण्यानं पहिल्यांदा ऐकवला तेव्हा नाव ऐकूनच मी खुर्ची ओढून बसलो होतो.

होय, टपालानंच. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसला, बेन गिबर्ड सिएटलला. मध्ये अठराशे किलोमीटर. गिबर्ड ‘डेथ कॅब फॉर क्युटी’ या गिटारवाल्या बँडचा गायक. जिमीच्या २००१ सालच्या अल्बममध्ये त्यानं एक गाणं गायलं होतं, ते दोघांनाही इतकं आवडलं की अजून करूया म्हणाले. मग जिमी नुसतं संगीत तयार करून डॅटवर, म्हणजे डिजिटल टेपवर, भरायचा आणि टपालात टाकायचा. गिबर्ड त्यावर चाल आणि शब्द बांधायचा, कधी गिटार घालायचा, आणि परत टपालात. बँडचं नाव तिथूनच आलं. दहा गाणी, पाऊण तास. फेब्रुवारी २००३ मध्ये सिएटलच्या सब पॉप कंपनीनं काढला.

आता तू म्हणतेस सांधा दिसत नाही. मला दिसतो, आणि मी त्या सांध्यासाठीच तो ऐकतो. अल्बमचं सगळ्यात गाजलेलं गाणं घे, ‘सच ग्रेट हाइट्स’. सुरुवातीला ते टिपटिप आवाज एकदा या कानात, एकदा त्या कानात. ठेका किती पळतोय बघ, बोटांनी टेबलावर धरायला गेलीस तर दमशील. आणि गिबर्ड? तो निम्म्या लयीत गातोय. ठेका दुगणीत, गाणं ठायीत. मशीन घाईत आहे, माणूस घाईत नाही. जिमीनं ठेक्याला पळवलं म्हणून गिबर्ड मागं धावला नाही. एका खोलीत बसले असते तर धावला असता, कारण समोरचा मान हलवत असतो आणि आपणही त्याच्या मानेबरोबर जातो. ऑर्केस्ट्रात मी हे हजारदा बघितलंय. ऑक्टापॅडवाल्यानं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमवाल्यानं, लय चढवली की गायक चढलाच. गिबर्ड आपल्या घरी एकटा होता, कुणाची मान दिसत नव्हती, म्हणून तो आपल्या चालीनं चालला.

तेव्हा तुमच्या मधलं अंतर ही अडचण आहे असं धरूनच बसू नकोस.

मी हे करून बघितलेलं आहे, म्हणून सांगतो. १९९३-९४ ची गोष्ट. आजऱ्याला माझा एक मित्र शाळामास्तर होता, कविता करायचा. मी इथं चाली लावायचो. फोन करायला पैसे लागायचे, म्हणून कॅसेट. मी कीबोर्डवर चाल वाजवून भरायची, वर्तमानपत्रात गुंडाळून, जाड पाकिटात घालून रजिस्टर करायची. तो त्याच्या टेपवर माझी कॅसेट लावायचा, त्यावर गायचा आणि दुसऱ्या टेपवर दोन्ही भरून पाठवायचा. पहिली कॅसेट परत आली आणि मी लावली तर सगळंच खाली. मी वाजवलं होतं काळी दोनमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत. आलं ते ना काळी दोन, ना पांढरी दोन, मधेच कुठंतरी लोंबकळत. कीबोर्ड धरला की अंगावर काटा येईल इतकं बेसूर. दोन दिवस मी त्याला मनातल्या मनात दोष दिला. मग कळलं, आजऱ्यात वीज गेली होती आणि त्यानं टेप उतरलेल्या सेलवर चालवला होता. सेल उतरले की टेप हळू फिरतो, हळू फिरला की सूर उतरतो. मी शेवटी कीबोर्डचंच ट्यूनिंग खाली आणलं, त्याच्या सेलांना जुळवून. ते गाणं आजही माझ्याकडं आहे. आमच्या सगळ्यांत गोड तेच. हे नाव मी त्यावरूनच घेतलंय.

जिमी आणि गिबर्डला हा त्रास नव्हता, डिजिटल टेपचा सूर उतरत नाही. पण टपाल जाऊन येईपर्यंतचे दिवस त्यांनाही होते. त्या दिवसांत माणूस गाणं मनात घोळवतो. तुझा मित्र फाईल पाठवतो ती दोन मिनिटांत येते, आणि तू तासाभरात ‘जमत नाही’ म्हणून कळवत असशील. असशीलच. फाईल आली की चार दिवस उत्तर देऊ नकोस. ट्रॅक तीनदा ऐकायचा आणि बंद करायचा, मग भाजी निवडताना, गाडी चालवताना जे आठवतं त्यावर गुणगुणायचं. न आठवणारं सगळं त्याला काढून टाकायला सांग. भरलेलं त्यानंच कमी करायला हवं, तू बारीक होऊन शिरायचं नाहीस. तो पूर्ण पाठवतो हीच चूक आहे. ठेका आणि बेस पाठव म्हणावं, बाकीचं माझं गाणं आल्यावर. पत्र लिहिताना उत्तराची जागा कुणी आधीच भरत नाही.

आता मराठी बसते का. तुझी ओळ मी बोटांवर मोजली. ‘शेवटची बस’ आठ मात्रा, ‘निघून गेली’ आठ मात्रा. सरळ केरवा, आठ मात्रांचा ताल. तू न मोजता लिहिली असशील तर तुझा कान चांगला आहे. खाली ‘मी थांबलो’, सात मात्रा. आठवी रिकामी. ती रिकामीच ठेव. ‘लो’ ओढू नकोस, तोडून टाक, बोलतो तसं. आणि त्यापुढच्या आख्ख्या आठ मात्रा मित्राला दे. बस गेली, ही थांबली, आता आठ मात्रा नुसतं त्याचं मशीन. त्या रिकाम्या स्टँडवर जे ऐकू येतं ते त्यानं वाजवावं. सिंथपॉपची खरी मजा इथं आहे, गाणारा गप्प झाला की यंत्रं बोलायला लागतात.

‘थांबलो’ की ‘थांबले’? मोजून बघ, मात्रा दोन्हीत सातच. म्हणजे बदलायला गाण्याचं काही कारण नाही, आणि न बदलायला तुझ्या आईपासून सगळ्यांची बोली आहे. ‘थांबलो’च ठेव.

हेडफोनवाला :

काका, वाचून आत्ता परत अल्बम लावला. मी पुण्यात असतो, माहेर म्हणा आजोळ म्हणा कोल्हापूर.

संध्यामठ, थोडी भर. या अल्बममध्ये दोनच माणसं नाहीत. बायकांचे आवाज आहेत, जेनी लुईस आणि जेन वूड. ‘नथिंग बेटर’ हे तर सवाल-जवाबच आहे. तो म्हणतो परत ये, आणि जेन वूड शांतपणे त्याचं एकेक म्हणणं खोडून काढते. गिबर्डला ही कल्पना ब्रिटनच्या ‘ह्यूमन लीग’च्या १९८१ च्या गाण्यावरून सुचली होती, त्यातही बाई उलट उत्तर देते. तुमचं भांडण झालंय म्हणतेस ना, त्याचंच गाणं करा की. तो नागपुरी ‘थांबले’ म्हणू दे, तू कोल्हापुरी ‘थांबलो’ म्हण. माझ्या मते यात खूप मोठं गाणं आहे.

आणि शेवटचं गाणं नीट ऐक. पाच मिनिटांचं, बहुतेक सगळं मशीनच, कर्कश, धावतं. गिबर्ड येतो तो अगदी शेवटाकडं, थोडंसं गातो आणि संपलं. काका म्हणतात ती ‘जागा देणं’ याच्यापेक्षा पुढं जाऊच शकत नाही. इतका मोठा गायक आणि मुकाट तीन-साडेतीन मिनिटं वाट बघतो. ‘ब्रँड न्यू कॉलनी’ची सुरुवातही ऐक, आपण लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो त्या गेमचा आवाज आहे.

टपाल खात्याचा किस्सा काकांना माहीत असेलच, बाकीच्यांसाठी लिहितो. २००३ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याची बँडला नोटीस आली, हे नाव आमचा ट्रेडमार्क आहे, वापरायचं नाही. पुढं समझोता झाला. नाव वापरा, बदल्यात टपालाचा प्रचार करा. खात्यानं आपल्या वेबसाइटवर सीडी विकायला ठेवली, आणि २००४ मध्ये वॉशिंग्टनला टपाल अधिकाऱ्यांच्या परिषदेत बँड वाजला. अल्बम हळूहळू खपत राहिला, २०१२ मध्ये अमेरिकेत दहा लाखांचा प्लॅटिनम झाला. सब पॉपचा त्याआधी असा एकच होता, ‘निर्वाणा’ या बँडचा ‘ब्लीच’. आणि दुसरा अल्बम त्यांनी काढलाच नाही. २०१३ च्या नव्या आवृत्तीत दोन नवी गाणी घातली, दौरा केला, २०२३ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून पुन्हा केला, बास.

षड्ज :

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी शास्त्रीय ऐकणारा. कोल्हापुरात देवल क्लबच्या बैठकांना वडिलांचं बोट धरून गेलेला. हे चर्चेत आलेलं ‘सच ग्रेट हाइट्स’ काल मुद्दाम ऐकलं, दोनदा. मुलाचा आवाज प्रामाणिक आहे. पण त्या यंत्राच्या सुरात मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं नाही, नुसती उडी. ठेका चौकोनी. तबलजी समेवर येताना किंचित रेंगाळतो ना, त्या रेंगाळण्यात जीव असतो. यात तो कुठं आहे? ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब राहिले, गायले, त्या गावातल्या मुलीनं आवाज चांगला असेल तर तो यंत्राखाली घालू नये, असं मला मनापासून वाटतं. तानपुरा घे, गुरू शोध.

काळी दोन :

षड्ज, राग कसला? तुम्ही ऐकून मग बोललात, याबद्दल आधी नमस्कार.

मींड नाही हे खरं. पण हेच सगळं पेटीबद्दल बोललं गेलं होतं. श्रुती नाहीत, सूर तुटक, परदेशी पेटारा. आकाशवाणीनं १९४० ला पेटी बंद केली, ती १९७१ पर्यंत. आणि त्याच पेटीवर आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी असं वाजवलं की लोक साथ विसरून नुसती पेटी ऐकायला बसायचे. जी मींड पेटीत नाही ती त्यांनी ऐकणाऱ्याच्या कानात तयार केली. वाद्यात काय नाही हे ओळखून वाजवणाराच वाद्यातून काढतो. जिमी तेच करतो. त्याला ठाऊक आहे माझा सूर वळत नाही, म्हणून वळणारं सगळं गिबर्डच्या गळ्यासाठी सोडून देतो.

आणि यंत्रावर राग वाजलेत, तेही मुंबईत. चरणजितसिंग नावाचे सिनेमाचे वादक होते, त्यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या टीआर-८०८ ड्रम मशीनवर, टीबी-३०३ बेसवर आणि ज्युपिटर-८ सिंथवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी विचारलं नाही, वीस-पंचवीस वर्षांनी जगानं शोधून काढली. बेसची मशीन त्यांनी कशी घसरवलीय ते ऐका, तुमच्या मींडेच्या फार लांब नाही.

रेंगाळण्याचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं आहे. त्यावरून एक सांगतो. वडील मला सुट्टीत ऑफिसला न्यायचे. सकाळी थैल्या फुटल्या की टेबलावर पत्रांचा ढीग, आणि एक मामा तारखेचा शिक्का मारायला बसायचे. शिक्का आधी शाईच्या पॅडवर, मग पत्रावर. ठक्-धप, ठक्-धप. पॅडवरचा कोरडा, पत्रावरचा जड, खाली लाकूड असल्यामुळं. डाव्या हातानं पत्र सरकवायचे, उजवा हात कधी थांबायचा नाही. मधेच एखादं जाड पाकीट आलं की ‘धप’चा आवाज बदलायचा, आणि एखादं पत्र दुसऱ्याला चिकटलं की बोटानं सोडवायला लागायचा तेवढा वेळ, केसाएवढा, ठेका उशिरा. आयुष्यात मला पहिल्यांदा ठेका कळला तो तिथं, त्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून. पोस्टमनच्या हद्दीला ‘बीट’ म्हणतात, तोच शब्द पुढं माझ्या धंद्यात आला.

नोटिशीचा किस्सा मला माहीत होता. वडिलांना सांगितला तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग पाकिटं वेळेवर पोचली का त्यांची?’ पोचली म्हणालो. २०२५ मध्ये आपल्याकडं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकलं. ते बघायला वडील नव्हते. माझ्या आजऱ्याच्या कॅसेटची पावती अजून आहे, पिवळी पडलीय, शिक्का वाचता येतो.

तेव्हा पोरी, षड्ज म्हणतात तो जीव बाहेरून आण. मशीनमध्ये माणसाच्या हाताचा एक तरी आवाज टाका.

संध्यामठ :

काका, षड्ज काका, हेडफोनवाला दादा, सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितोय, कारण चार दिवस उत्तर न देण्याचं मी खरंच पाळलं. (षड्ज काका, गुरूचं मनावर घेतलंय. शोध चालू आहे.)

मित्राला हा सगळा धागा पाठवला. त्यानं आधी जुनाच ट्रॅक उघडला आणि एकेक आवाज बंद करत गेला. एकवीस होते. सहा ठेवले. मला म्हणाला, यातला पाहिजे तो अजून काढ. मी एक काढला, वरचा चमचमणारा, कारण तो नेमका माझ्या ‘नि’च्या जागेवर येत होता आणि ‘निघून’ ऐकूच यायचं नाही.

मग हाताच्या आवाजाचं. काका, तुमचा शिक्का वाचला तेव्हा मागं प्रेस चालूच होता. जन्मापासून ऐकतोय, कधी ऐकलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मालकांना विचारून आत गेलो. प्रेसवर जे दादा बसतात ते डाव्या हातानं पत्रा सरकवतात, पायानं पेडल दाबतात. धप्प. मग कापलेला तुकडा खालच्या डब्यात पडतो, खळ्. धप्प-खळ्, धप्प-खळ्. लांबून एकसारखं वाटतं, पण जवळ उभं राहिलं की कळतं, प्रत्येक ‘खळ्’ वेगळा. डबा रिकामा असताना वाजतो, भरत आला की मऊ होतो. आणि पत्रा संपला की नवा घेताना ते एकदा हात पँटला पुसतात, तेवढी जागा सुटते. मोबाईलवर अकरा मिनिटं भरून घेतलं. दादा म्हणाले, ‘कशाला पाहिजे हे?’ गाण्यात घालणार म्हणालो. त्यांनी डबा रिकामा करून दिला, म्हणाले, ‘मग असा घे, चांगला वाजतोय.’

ओळी आता अशा झाल्यात. पहिल्या दोन त्याच, काकांच्या आठ मात्रा रिकाम्या, मग :

दिवा एकटा फलाटावरती
तो जागलो

मित्र हसला नाही. ‘दिवा जागलो?’ म्हणून विचारलं फक्त. मी म्हणालो, इथं दिव्याचं आणि माझं एकच झालंय, म्हणून. व्याकरण चुकलंय का, सांगा. मला स्वतःला ‘तो’ खटकतो, ‘मी’ करावं का?

फोरट्रॅक :

मीच तो बंगळूरचा मित्र. या चर्चेसाठी खातं काढलं.

काका, ‘थांबले’चा हट्ट सोडला. तिनं फोनवर तोडून म्हटलं, ‘मी थांबलो’, आणि त्यानंतरची शांतता ऐकली तेव्हाच सोडला. त्या आठ मात्रांत मी आधी तीन वेगवेगळे सिंथ लावून बघितले. एकही टिकला नाही. आता तिथं फक्त प्रेस आहे, तिनं पाठवलेला, आणि खाली एक लांब बेसचा सूर. प्रेस मशीनच्या ग्रिडवर, म्हणजे मोजून आखलेल्या ठेक्यावर, बसवायला गेलो तर मेला, म्हणून जसा आहे तसाच ठेवला. दादा हात पुसतात ती जागा बरोबर सातव्या मात्रेनंतर येते. मी काही केलेलं नाही, ती तशीच आली.

संध्या, ‘मी’ कर. ‘मी जागलो’, सातच मात्रा होतात, मी मोजल्या. गाऊन पाठव. मी रविवारपर्यंत उघडणार नाही.